अष्टमीचे पाणी, पौर्णिमेचे खडक

माहीमच्या चौपाटीवरून वायव्येला पाहिले की उपसागराच्या पलीकडे वांद्र्याचे टोक दिसते. काळ्या खडकांचा एक पट्टा, त्यावर झाडांचा गर्द पुंजका आणि त्यामागे हॉटेलाची उंच इमारत, एवढेच ते दृश्य आहे. माझे सगळे आयुष्य माहीममध्ये गेल्यामुळे हे टोक मी समोरून हजारो वेळा पाहिले आहे. प्रत्यक्ष तेथे मात्र बोटांवर मोजण्याइतक्याच वेळा गेले असेन. पाण्यावरून ते हाकेच्या अंतरावर वाटते, पण जायचे तर कॉजवेवरून वळसा घालावा लागतो, आणि मुंबईत वळसा घालून जाण्याच्या जागा नेहमीच पुढच्या रविवारवर ढकलल्या जातात. या कार्तिकात मात्र मी आठ दिवसांत तेथे दोनदा गेले, आणि त्याला कारण माझी रेवदंड्याची आत्या झाली.

आत्या भाऊबीजेला आली की त्रिपुरी पौर्णिमा झाल्याशिवाय परतत नाही, हा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. तिचे वय शहात्तर. गुडघे कुरकुर करतात, पण पाय घरात ठरत नाहीत. फराळाचे डबे रिकामे होत आले आणि तिला चाळीच्या गॅलरीचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा मी एका दुपारी तिला म्हटले की संध्याकाळी वांद्र्याच्या किल्ल्याच्या बागेत सूर्यास्त पाहायला जाऊ. मी फोनवर सूर्यास्ताची वेळ पाहिली आणि सहाच्या सुमाराची आहे असे सांगितले. तिने वेळेकडे लक्षच दिले नाही.

“आज तिथी कोणती गं?” तिने विचारले.

उपासाचे काही असेल असे समजून मी भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि अष्टमी असल्याचे सांगितले.

“मग चल. पाणी वर असेल.”

तिच्या या उत्तरामागचा हिशोब मी लहानपणी कधीतरी ऐकला होता आणि पूर्ण विसरले होते. कोकण किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे: पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण पक्ष, रीत तीच. भरती दिवसातून साधारण दोनदा येत असल्यामुळे तोच आकडा दिवसाला लागू पडतो आणि रात्रीलाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि भरतीही त्याच्याबरोबर रोज तेवढीच मागे सरकते, या गोष्टीला आपल्या लोकांनी पाऊणकीच्या पाढ्यात बसवून टाकले आहे. साळावचा पूल होण्यापूर्वी कुंडलिकेची खाडी तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, ओलांडणाऱ्या आत्याला हा पाढा शाळेत शिकावा लागला नाही. होडी कोणत्या वेळी धक्क्याला लागेल आणि कोणत्या वेळी चिखलातून चालत जाऊन तिच्यात चढावे लागेल, हे तिच्या आईला घरातूनच ठाऊक असे.

माहीमहून वांद्र्याला रिक्षाने जाता येत नाही, कारण रिक्षाची हद्द खाडीच्या पलीकडे सुरू होते. आम्ही टॅक्सी केली. कॉजवेवर वाहतूक खोळंबली, तेव्हा मी आत्याला त्या रस्त्याची गोष्ट सांगितली. १८४० च्या दशकात हा बांध होईपर्यंत माहीम आणि वांद्रे यांच्यामध्येही तरच चालत असे. बांधाचा खर्च लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी दिला आणि येथून जाणाऱ्यांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली, असे सांगतात. त्याच उपसागरावरून आता वांद्रे-वरळी सागरी सेतू जातो आणि त्यावर टोल भरावा लागतो. आत्याने फक्त तरीचा भाग ऐकला. “म्हणजे इथेही तरच होती,” असे म्हणून ती मिठीच्या मुखाकडे पाहत राहिली. विहार आणि पवई तलावांचे वाहून येणारे पाणी घेऊन येणारी ही नदी या ठिकाणी उपसागराला मिळते, आणि भरती असेल तेव्हा तिला समुद्रात शिरायला वाट मिळत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे आम्ही माहीमकरांनी कमरेपर्यंतच्या पाण्यात उभे राहून शिकलो.

बँडस्टँडच्या रस्त्याने गेले की एका नटाच्या बंगल्यासमोर फोन उंचावून उभी असलेली गर्दी लागते. त्या गर्दीतील फार थोडे लोक रस्त्याच्या शेवटापर्यंत येतात, आणि हे त्या बागेचे मोठेच भाग्य आहे. रस्ता संपतो तेथे किल्ल्याचा दरवाजा आहे. आत शिरण्यासाठी पैसे पडत नाहीत. दरवाजावर पोर्तुगीज भाषेतील शिलालेख आहे, आणि तो ओलांडताच डोंगरउताराला बिलगून खाली-वर जाणाऱ्या दगडी वाटा सुरू होतात. एक वाट तटाच्या कडेने वर चढते. दुसरी पायऱ्यांनी खाली उतरून खुल्या रंगमंचाकडे जाते, जेथे अर्धवर्तुळाकार दगडी बैठकांसमोर पडद्याच्या जागी समुद्र आहे. या दोन वाटांना जोडणाऱ्या बारीक पाऊलवाटा झाडांतून फिरतात. बागेचा एकूण विस्तार इतका लहान आहे की न थांबता चालल्यास अर्ध्या तासात सगळे पाहून होते. परंतु येथे न थांबता चालणे जमत नाही, कारण प्रत्येक वळणावर समुद्राची दिशा बदलते. एका वळणावर समोर मोकळा अरबी समुद्र असतो, पुढच्या वळणावर सेतूच्या तारा येतात, आणि आणखी पुढे गेले की माहीमचा उपसागर आणि त्याच्या पलीकडे आमची वस्ती दिसते. माझे घर ज्या बाजूला आहे ती बाजू मी पलीकडून पाहत असल्यामुळे मला क्षणभर आरशात पाहिल्यासारखे वाटले.

बागेला आजचे रूप येऊन फार वर्षे झालेली नाहीत. बँडस्टँडचा किनारी पदपथ, किल्ल्याभोवतीच्या वाटा आणि खुला रंगमंच हे सारे स्थानिक रहिवाशांच्या पुढाकाराने, वास्तुरचनाकार पी. के. दास यांच्या आराखड्यानुसार आणि खासदार निधीच्या मदतीने उभे राहिले. त्या कामात मला सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे त्यातील संयम. किल्ल्याला रंग फासलेला नाही, खडकांवर काँक्रीट ओतलेले नाही, आणि झाडांच्या मुळांना वाट करून देण्यासाठी काही ठिकाणी पायवाटच वाकलेली आहे. आपल्याकडे सुशोभीकरण या शब्दाचा जो अर्थ झाला आहे तो लक्षात घेता हे दुर्मीळ म्हणावे लागेल.

आत्याला किल्ल्याचे अप्रूप वाटण्याचे कारण नव्हते. रेवदंड्याचे गाव पोर्तुगीजांच्या तटाच्या आतच वसलेले आहे आणि समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर त्यांचा दुसरा किल्ला आहे; तिच्या दृष्टीने तट म्हणजे ज्यावर गोवऱ्या थापतात ती भिंत. मी तिला सांगितले की हा किल्ला १६४० चा असून त्याचे मूळ नाव ‘कास्तेला द आग्वादा’ असे आहे, आणि आग्वादा म्हणजे गोड्या पाण्याची जागा. या किनाऱ्याने जाणारी पोर्तुगीज जहाजे येथील झऱ्यावर पाणी भरून घेत असत. हे ऐकून मात्र ती थांबली. समुद्राच्या इतक्या जवळ गोडे पाणी कोठे होते, झरा अजून आहे का, विहीर बांधली होती का, असे तिचे प्रश्न सुरू झाले. मला त्यांची उत्तरे देता आली नाहीत. तटापेक्षा विहिरीत रस असलेल्या बाईला पर्यटनस्थळ दाखवणे ही अवघड गोष्ट आहे.

किल्ल्याची जागा कशासाठी निवडली असेल हे मात्र तटावर उभे राहिले की न सांगता कळते. एका बाजूला खुला समुद्र आहे आणि दुसऱ्या बाजूला उपसागराचे तोंड, त्यामुळे माहीमच्या खाडीत शिरणारे कोणतेही गलबत येथून चुकत नाही. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाले, तेव्हा उपसागराच्या दक्षिणेला इंग्रज आणि उत्तरेला पोर्तुगीज असे शेजारी झाले आणि दोघांचे किल्ले समोरासमोर आले. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. वांद्रे ज्या बेटावर आहे ते साष्टी मराठ्यांच्या ताब्यात जात असताना हा किल्लाही त्यांच्या हाती पडून त्याच्या तोफा माहीमवर वळतील, या धास्तीने इंग्रजांनी त्याचा बराचसा भाग पाडून टाकला. आज जो तुटका तट आपण पाहतो तो काळाच्या ओघात झिजलेला नाही, तर भीतीपोटी पाडलेला आहे. ही भीती आपल्या लोकांची होती याचा मला, खरे सांगायचे तर, थोडा आनंद झाला.

आम्ही खालच्या वाटेच्या कठड्याशी बसलो. आत्याच्या सांगण्याप्रमाणे पाणी वर होते. सर्वात उंच खडकांचे माथे तेवढे बाहेर होते आणि बाकीच्या ठिकाणी पाणी बागेच्या पायथ्यापर्यंत येऊन संथपणे हिंदकळत होते. मला वाटले होते की पूर्ण भरतीला लाटा खडकांवर आपटून फुटताना दिसतील. तसे काही नव्हते. आत्याने मला पुन्हा वेड्यात काढले. अष्टमीच्या दिवसांत समुद्राला भांग असतो, उधाण नसते, हे तिने जमिनीवर बोटाने रेघा ओढून समजावले. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या आसपास त्यांची ओढ परस्परांना काटकोनात असते, म्हणून पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. रेघा तिच्या होत्या, काटकोन हा शब्द मात्र मी येथे घातला आहे. यातून निघणारी एक गोष्ट माझ्या कधीच लक्षात आली नव्हती. पाऊणकीच्या हिशोबाने उधाणाची भरती मुंबईत नेहमी दुपारी बाराच्या मागेपुढे आणि मध्यरात्रीच्या मागेपुढे येणार, त्यामुळे सूर्यास्ताच्या वेळी उधाणलेला समुद्र येथे दिसायचाच नाही. भरल्या पाण्यातला सूर्यास्त हवा असेल तर तो शांत पाण्यातला असतो. खवळलेला समुद्र आणि मावळता सूर्य एकाच चित्रात दाखवणाऱ्या कॅलेंडरांकडे मी आता संशयाने पाहणार आहे.

सूर्यास्त आम्हाला त्या दिवशी पूर्ण दिसला नाही. क्षितिजाच्या वर चार बोटे असतानाच सूर्य तांबूस धुरकटात शिरला, त्याची कडा पुसट झाली आणि दोन बोटे उरली असताना तो बुडण्याऐवजी विरघळून गेला. पाऊस गेला की वाऱ्याचा जोर ओसरतो, संध्याकाळी जमिनीलगतची हवा लवकर थंड होते आणि वरच्या उबदार थराखाली कोंडली जाते, आणि शहराची सारी धूळ आणि धूर तेथेच अडकून राहतो. सूर्यास्ताच्या जागांची वर्णने करणारे लोक ही गोष्ट सांगत नाहीत, म्हणून मी सांगते: मुंबईत थंडीच्या सुरुवातीला क्षितिजापर्यंत पोहोचलेला सूर्य पाहायला मिळेलच याची खात्री धरू नये. मात्र भरल्या पाण्यावर सूर्य गेल्यानंतरचा जो उजेड पसरतो, त्याला धुरकटाची बाधा होत नाही. खालचे पाणी आधी तांब्याच्या भांड्यासारखे झाले, मग राखाडी, आणि मग सेतूवरचे दिवे लागले. आत्याने पदर सावरून हात जोडले. तिन्हीसांजेला दिवा दिसला की हात जोडायचे, तो देवघरातला असो की सागरी सेतूवरचा.

“पौर्णिमेला परत येऊ,” ती परतताना म्हणाली. “तेव्हा पाणी नसेल.”

घरी आल्यावर बाबांनी हा पाऊणकीचा हिशोब फोनवरील भरतीच्या वेळांशी ताडून पाहिला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला कोणत्याही वेळापत्रकातील चूक शोधण्यात जो आनंद होतो तो त्यांना झाला. अष्टमीला हिशोब आणि तक्ता यांत तासाभराचा फरक पडतो, कारण भांगाच्या दिवसांत भरती रोज सारख्या अंतराने मागे सरकत नाही. पौर्णिमेला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात मुंबईत बाराच्या सुमारास पाणी भरते. या दुसऱ्या फरकाचे बाबांनी एक कारण काढले, आणि ते मला पटण्यासारखे वाटते. हिशोब बसवणाऱ्यांचे घड्याळ हे त्यांच्या डोक्यावरचा सूर्य होता. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि मुंबईच्या सूर्यवेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे आहे. या शहरात कित्येक वर्षे ‘मुंबई टाइम’ नावाची वेगळी वेळ १९५५ पर्यंत चालत होती, ती याच ३९ मिनिटांनी मागे असे. सव्वाअकरात ३९ मिनिटे मिळवली की बाराला सहा मिनिटे कमी. आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की तरीवर जाताना घटकाभर आधीच निघायचे असते, त्यात हे सगळे बसते.

त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही तिघेही गेलो, आणि या वेळी पाच वाजताच बागेत पोहोचलो. पहिली पायरी उतरताच मी थबकले. आठ दिवसांपूर्वी ज्या ठिकाणी पाणी होते तेथून दूरवर खडकच खडक पसरले होते. ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेले हे काळे खडक भरतीरेषेपाशी कोरडे आणि राखाडी दिसतात, मध्यावर त्यांना शेवाळाचा हिरवा लेप असतो, आणि पाण्याजवळ ते ओले, चकचकीत काळे असतात. बागेचे क्षेत्रफळ जणू दुप्पट झाले होते. बाग जेथे संपते असे मी समजत होते, तेथे तिच्या सगळ्यात चांगल्या वाटा सुरू होत होत्या, आणि त्या वाटा महिन्यातील थोड्याच संध्याकाळी दिवसाउजेडी उघडतात.

बाबा वरच्या तटावर थांबले. आत्याने चपला काढून पिशवीत घातल्या आणि मला म्हणाली की शेवाळावर पाय ठेवू नकोस, शिंपल्यांची टोके जेथे आहेत तेथे ठेव, टोचेल पण घसरणार नाही. मी बूट घातले होते आणि दोनदा घसरले. ती एकदाही घसरली नाही. खडकांच्या खळग्यांत ओहोटीने मागे ठेवलेले पाणी साचले होते आणि अशा एका खळग्याशी आम्ही दोघी पाऊण तास बसलो. प्रथम त्यात काहीच दिसत नाही. डोळे स्थिर झाले की तळाचा एक शंख चालू लागतो आणि त्यातून शंखात राहणाऱ्या खेकड्याचे पाय बाहेर आलेले दिसतात, कारण शंखाचा मूळ मालक केव्हाच गेलेला असतो आणि खेकड्याने ते घर बळकावलेले असते. खळग्याच्या भिंतीला बार्नॅकलची पांढरी, खरखरीत टोपणे चिकटलेली असतात. पाणी असेल तेव्हा ती उघडून पिसासारखे पाय हलवत अन्न पकडतात आणि ओहोटीत स्वतःला बंद करून घेतात. उपसागराच्या अंगाला चिखल आहे तेथे तिवरांचा लहानसा पट्टा आहे. त्याच्या पायथ्याशी खिळ्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे, आणि त्यांच्यामधून उड्या मारत जाणारे निवटे. निवटा हा मासा असून तो पाण्याबाहेर चालतो, हे शाळेत वाचलेले वाक्य मी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. तुतवार पक्षी शेपूट वरखाली करत पाण्याच्या कडेकडेने पळत होता, आणि एक करडा बगळा इतका निश्चल उभा होता की बाबांनी वरून फोन करून तो खरा आहे का असे विचारले.

थोड्या अंतरावर एक कोळीण खडकावर बसून लहानशा टोकदार लोखंडी हत्याराने कालवे फोडत होती. आत्या तिच्याजवळ गेली आणि दोघी दहा मिनिटे बोलत बसल्या. मी जवळ पोहोचेपर्यंत त्यांचे भावापर्यंत आले होते. ती बाई जवळच्याच कोळीवाड्यातली होती. पूर्वी एका ओहोटीत भांडे भरत असे, आता तळ झाकतो, असे ती सांगत होती. तिने आत्याला एक उघडलेले कालव दाखवले, आत्याने ते बोटाने दाबून पाहिले आणि मान हलवली. निघताना कोळिणीने पश्चिमेकडे पाहून सांगितले की आता फार पुढे जाऊ नका, सहा वाजले की पाणी वळेल. ही सूचना मी येथे मुद्दाम नोंदवते. ओहोटीला उघडे पडलेले खडक सपाट आणि निर्धोक वाटतात, पण पाणी परत येताना समोरून येत नाही. ते आधी मागच्या खोलगट वाटांमधून शिरते, आणि पुढच्या उंच खडकावर फोटो काढत उभ्या असलेल्या माणसाला आपल्याभोवती बेट झाल्याचे उशिरा कळते. त्यातून पौर्णिमेच्या दिवशी पाणी वळण्याची वेळ आणि अंधार पडण्याची वेळ एकच असते.

त्या दिवशी दुपारपासून वारा होता, त्यामुळे आकाश धुतल्यासारखे होते. बाबांनी एक प्रयोग योजला होता. उंचावरून क्षितिज अधिक दूरचे दिसते, म्हणून सूर्यास्तही किंचित उशिरा होतो, हे त्यांना पडताळून पाहायचे होते. मी खाली पाण्याजवळच्या खडकावर, ते वर तटावर, आणि दोघांच्या कानाला फोन. सूर्याची खालची कडा पाण्याला टेकली तेव्हा तो क्षणभर पणतीसारखा बसका झाला, आणि टेकल्यापासून पूर्ण बुडायला त्याला सव्वादोन-अडीच मिनिटे लागली. शेवटी केशरी रंगाची एक टिकली उरली आणि तीही गेली. मी “गेला” म्हटले. पलीकडून बाबा म्हणाले, “नाही, अजून आहे.” मी आकडे मोजू लागले. अठरापर्यंत पोहोचले तेव्हा ते म्हणाले, “आता गेला.” त्यांच्या आवाजात जो विजय होता तो सूर्याने दिलेल्या या अठरा सेकंदांच्या बक्षिसाचा होता. आत्याने हा सारा संवाद माझ्या फोनवर कान लावून ऐकला आणि भावाकडे वर पाहून हात हलवला.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो आणि तिघेही पूर्वेच्या तटाकडे गेलो, कारण पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो आणि या टोकाला दोन्ही बाजूंना पाणी आहे. मनात मी असे चित्र रंगवले होते की इकडे सूर्य आणि तिकडे चंद्र एकाच वेळी दिसतील. प्रत्यक्षात पूर्वेला रेक्लमेशनच्या, म्हणजे भराव टाकून केलेल्या जमिनीवरच्या, इमारती आड येतात आणि चंद्राला त्यांच्यावर चढून यायला वेळ लागतो. वीसएक मिनिटे आम्ही दोन पाण्याच्या टाक्यांमधील फटीकडे डोळे लावून बसलो. आधी फटीच्या कडा उजळल्या, मग तेथे पिवळसर काहीतरी अडकल्यासारखे दिसले, आणि मग तो एकदम सुटून वर आला. त्याचा उजेड उपसागरावर पडेपर्यंत पाण्याऐवजी बराच चिखल होता, त्यामुळे चांदण्याचा पट्टा आधी ओल्या चिखलावर उमटला आणि नंतर, पाणी वळल्यावर, हळूहळू पाण्यावर सरकला. पलीकडे माहीमचे दिवे लागले होते. बाबांनी आमची इमारत शोधण्याचा प्रयत्न केला आणि दोन वेगवेगळ्या इमारतींवर बोट ठेवले. इतक्यात रखवालदाराची शिट्टी वाजली.

घरी जाऊन आत्याने त्रिपुरवाती लावल्या, त्यामुळे जेवायला उशीर झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती मांडव्याच्या बोटीने परत गेली. जाण्यापूर्वी तिने कॅलेंडरवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या, अमावास्येवर आणि पुढच्या पौर्णिमेवर, आणि मधल्या दिवसांसाठी मला पाढा म्हणून दाखवायला लावला.

पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

“आज पंचमी. सांग, पाणी कधी?”

“पावणेचार. बाबांची मिनिटे धरली तर साडेचारच्या आत.”

“मग सहाला काय दिसेल?”

मला ते सांगता आले नाही, म्हणून मी ऑफिसातून थेट वांद्र्याला उतरले आणि रिक्षा केली. पाणी उतरायला लागलेले होते. बागेच्या पायथ्याशी खडकांची एकच ओळ बाहेर आली होती, ओली, आणि तिच्या टोकाला तोच करडा बगळा, किंवा त्याच्यासारखा दुसरा, पुढचा खडक उघडा पडण्याची वाट पाहत उभा होता.